शेंडा परत लावणारा चोर

माझी मावशी डिलांग आमच्या पेलेलिऊ बेटाच्या उत्तर टोकाला अळू लावायची. आमच्याकडे अळूची खाचरं बायकांचीच, आईकडून लेकीकडे जाणारी. तिला लेक नव्हती, म्हणून आता ती माझ्याकडे आहेत.

तेव्हा आमच्या बेटांवर जपान्यांचं राज्य होतं. लढाई आमच्यापर्यंत हळूहळू आली. आधी लांबची नावं कानावर पडायची. तारावा, मग क्वाजालेन, मग सायपान. एक बेट पडलं की शाळेतले जपानी मास्तर त्याचं नाव घेणं बंद करायचे. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या ऑगस्टात सगळ्या गावाला होड्यांत भरून बाबेलदाओबला, मोठ्या बेटावर हलवलं. मावशी तेव्हा अठराची होती. तिचा थोरला भाऊ तेल्लेई पेलेलिऊच्या डोंगरात जपानी सैन्यासाठी भुयारं खणत होता, त्याला काही सोडलं नाही. धक्क्यावर येऊन तो एवढंच म्हणाला, "रडतेस काय, वेडे? मागच्या होडीनं येतोच की मी."

मागची होडी निघालीच नाही. सप्टेंबरात अमेरिकन आले आणि दोन महिने दक्षिणेकडून धडधड ऐकू येत राहिली. रानात लपलेल्या बायका आवाज थांबला की दचकायच्या.

सेहेचाळीसमध्ये आम्हाला परत आणलं. बोट किनाऱ्याला लागली, पण कुणी उतरेना. समोर झाड म्हणून नव्हतं, नुसता पांढरा फुटका दगड. म्हातारे रेखेबेई खलाशावर खेकसले, "अरे, भलत्याच बेटावर आणलंस की आम्हाला!" कुणी हसलं नाही. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

खाचरांत लोखंडाचे तुकडे रुतले होते. मावशीनं चिखल हातांनी चाचपून ते काढले, बाबेलदाओबहून आणलेली रोपं लावली. वर्षअखेरीला गड्डे धरले आणि चोरी सुरू झाली.

"डुकरं असतील," शेजारची एबिल म्हणाली.

"डुक्कर शेंडा परत लावतं का गं?"

एबिल बघायला आली. चोरानं गड्डा कापून नेला होता आणि देठाचा शेंडा पुन्हा चिखलात नीट खोचला होता, पुढचं पीक यावं म्हणून. तिनं हात मागे घेतला. "मग भूतच. डोंगरात मेलेत थोडे का? भूक लागणारच त्यांना."

मावशीनं तो शेंडा बोटांनी चाचपला. अळू कापून शेंडा परत लावणं पुरुषांना ठाऊक नसतं. तेल्लेईला होतं. आई आजारी असताना त्यानं एक अख्खं वर्ष खाचरं सांभाळली होती आणि पोरांनी त्याला "तेल्लेईबाई" म्हणून चिडवलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं उकडलेलं अळू आणि भाजलेला मासा पानात बांधून बांधावर ठेवला. सकाळी पान रिकामं, नीट घडी घातलेलं. मग रोजच ठेवू लागली. डोंगराकडे तोंड करून ती हळू आवाजात घरच्या गोष्टीही सांगायची. बाबेलदाओबला आई वारली म्हणून सांगितलं. एबिलला मुलगा झाला तेही. अमेरिकन आता गोळ्या घालत नाहीत, खाली ये, असंही म्हणायची. उत्तर कधी आलं नाही. पण पान दुमडलेलं असायचं.

सत्तेचाळीसच्या वसंतात डोंगरात लपलेले जपानी सैनिक शरण आले. लढाई संपली हे त्यांना तोवर पटलंच नव्हतं. मावशी चिखलाच्या पायांनी धावत गेली. रांगेतल्या एकेकाचा चेहरा तिनं पाहिला आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

रांगेतला एक हडकुळा सैनिक तिच्यापुढे वाकला. "ताई, बांधावर जेवण ठेवायचात त्या तुम्हीच ना?"

शाळेत शिकलेली जपानी तिला कशीबशी आठवली. "माझा भाऊ, तेल्लेई, कुठाय?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "तेल्लेईसान पहिल्याच नोव्हेंबरात गेले. भुयाराचं तोंड सुरुंगानं बंद झालं, ते आत राहिले. त्यांनीच सांगून ठेवलं होतं, कुणाच्या खाचरातून घ्याल तर शेंडा परत लावा, नाहीतर बाईचं वर्ष बुडेल."

"मी बोलायचे, ते?"

"ऐकायचो. कळत नव्हतं. पण रोज ऐकायला यायचो."

मावशी घरी आली आणि तीन दिवस खाचरात गेली नाही. आईच्या मरणाची बातमी आपण एका परक्याला सांगितली, हे तिला आयुष्यभर छळत राहिलं. "तेल्लेईला अजून ठाऊकच नाही गं," असं ती मला म्हातारपणीही म्हणायची, आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

पुष्कळ वर्षांनी जपानहून माणसं हाडं गोळा करायला आली. त्यांनी ते भुयार उघडलं. आत अकरा जण होते, एकमेकांत मिसळलेले. ती माणसं सगळ्यांना अग्नी देऊन राख मायदेशी नेणार होती.

"यात एक आमचा आहे," मावशी म्हणाली.

"कोणता, आजी?" त्यांच्या प्रमुखानं अदबीनं विचारलं.

ती गुडघ्यांवर बसली. एकेक कवटी तिनं हातात घेतली, दातांवरून बोट फिरवलं. सूर्य कलला तरी ती ठरवू शकली नाही. शेवटी तिनं एक उचलली आणि छातीशी धरली.

परतताना मी विचारलं, "मावशी, हाच मामा का गं?"

"माहीत नाही."

घराच्या जोत्याखाली, आमच्या माणसांना पुरतात तिथं, आम्ही ती कवटी पुरली. खड्डा बुजवण्याआधी मावशी वाकली आणि तिनं आई कधी, कशी गेली ते सगळं सांगितलं. आधी आमच्या भाषेत, आणि मग थांबून, आठवून आठवून, जपानीत.