आठ महिन्यांच्या लेकीला पुढे बसवून लोणारला

मीराला घेऊन एकट्याने लोणारला जायचं मी जाहीर केलं, तेव्हा घरात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकोला, मंजिरीला, बँकेतून सुट्टी नव्हती, आणि तिकडे लोणारला सासूबाई नातीचा पहिला दात फोनवर बघून कंटाळल्या होत्या. मी म्हणालो, नेतो मी. मग मागे फिरायची सोय उरली नाही.

मंजिरी मीराची खुर्ची नेहमी मागच्या सीटवर लावते. मी ती पुढे, माझ्या शेजारी लावली. या खुर्चीत बाळाचं तोंड मागे असतं. समोरची एअरबॅग उघडली तर ती थेट खुर्चीच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागे आदळते. म्हणून ती बंदच करावी लागते. माझ्या गाडीत डावं दार उघडलं की डॅशबोर्डच्या कडेला किल्लीने फिरवायची कळ आहे. फिरवली की एअरबॅग बंद होते आणि समोर पिवळा दिवा लागतो. हे शोधायला गाडीचं माहितीपुस्तक पहिल्यांदाच उघडलं आणि तेवढ्यावर स्वतःला इंजिनीअर समजू लागलो.

संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, सुलतानपूर आणि तिथून उजवीकडे लोणार, असा जुना रस्ता धरला. समृद्धी महामार्गाने लवकर पोचता येतं, पण मनात येईल तिथे थांबता येत नाही, आणि बाळं मनात येईल तिथेच शी करतात. सुलतानपूरला चहा घ्या. मी एका हाताने घेतला, दुसऱ्या हातात मीरा होती, आणि निम्मा चहा शर्टाने प्यायला.

लोणारला पोचल्यावर सगळ्यांना गाडीपाशी उभं करून, पिवळा दिवा दाखवत, मी एअरबॅगवर व्याख्यान दिलं. सासऱ्यांनी विचारलं, पैसे मोजून घेतलेली वस्तू बंद कशाला करायची? मी तेही समजावलं. मग पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि भाकरी समोर आली आणि व्याख्यान संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोवर पाहिलं. उन्हं चढायच्या आत जा आणि बूट घाला, मी चपलेत गेलो होतो. दुपारी मेहकरला बालाजीच्या दर्शनाला निघालो. मी चालकाचं दार उघडलं तर मेहुणा प्रवीण आडवा आला.

"भाऊजी, तुम्ही गाडी चालवसान तं लोकं मले काय म्हणतीन?"

जावयाने पुढे, डावीकडे, नुसतं बसायचं असतं. मीराची खुर्ची मागे सासूबाईंशेजारी गेली आणि मी मानाच्या जागी बसलो. समोर पिवळा दिवा. ताबडतोब उतरलो आणि एअरबॅग चालू केली. कोणाला आठवण करून द्यावी लागली नाही.

तिसऱ्या दिवशी निघताना मीराची खुर्ची पुन्हा पुढे बांधली. डिक्कीत पापड, हातावर दही. गाडी सुरू केली. नातीच्या गालाला हात लावायला सासूबाई खिडकीतून वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"जावाईबापू, परवा तं तो पिवळा दिवा लागला होता. आज काऊन नाही लागला?"

मी इंजिन बंद केलं. स्वतःसाठी चालू केलेली एअरबॅग लेकीच्या डोक्यामागे तशीच चालू होती. कळ फिरवायला उतरलो, पण किल्ली पुन्हा खिशात टाकली. मीराला सासूबाईंच्या हातात दिलं आणि खुर्ची उचलून मागच्या सीटवर बांधली. काय झालं असतं ते त्यांना कळलं होतं. मीराला कडेवर घेऊन त्यांनी खुर्चीचा पट्टा स्वतः ओढून पाहिला, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली.

परतीला दुप्पट वेळ लागला. मीरा मागे रडली की मी गाडी कडेला घेत होतो.

ज्यांना बाळाला घेऊन जायचंय त्यांना एवढंच सांगतो, खुर्ची मागेच लावा. रस्ता चांगला आहे, माणसं त्याहून चांगली.

घरी आल्यावर मंजिरीला सगळं सांगितलं. तिने बराच वेळ मीराला मांडीवरून खाली ठेवलं नाही. मग विचारलं, मुळात पुढे का बसवलीस? म्हटलं, दिसत राहावी म्हणून. मग खरं तेही सांगितलं, की एकट्याने तिला सांभाळायची मला भीती वाटत होती आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

मंजिरी मनातलं बोलते तेव्हा लोणारच्याच बोलीत बोलते.

"मले भी भेव वाटते रोज," ती म्हणाली. "म्हणून तं मी तिले मागं बसवून थांबत थांबत जाते."