वरचं एकशे ब्याण्णव

माझ्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा रद्द झालं. त्यात डोळ्याचा काही दोष नव्हता. तो बिचारा दोन्ही वेळा वेळेवर हजर होता. दगा दिला तो दंडाने.

अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत मी बत्तीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. माझ्या चपलांचा आवाज आला की व्हरांडा रिकामा व्हायचा, असं माझ्या जुन्या विद्यार्थिनी अजून सांगतात, आणि त्या कौतुकानेच सांगतात असा माझा समज आहे. अशा बाईला वीतभर रुंदीचा एक कापडी पट्टा घाबरवतो, हे कुणाला खरं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. पण पट्ट्याला माझा हुद्दा माहीत नव्हता.

माझं माहेर अमरावतीचं. थोरली बहीण अजून तिथेच राहते. ताईच्या मते डोळा, दात आणि साडी या तीन गोष्टी अमरावतीतच बघाव्यात. अकोल्यात चांगलं मिळतं ते फक्त ऊन. त्यामुळे ऑपरेशन अमरावतीतच करायचं ठरलं. म्हणजे ताईने ठरवलं आणि आम्हाला कळवलं.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही नवरा-बायको गाडी काढून निघालो आणि दहाच्या आत पोचलो. मला हिरवा डगला चढवला, डोळ्यात थेंब घातले, चुकून डावा डोळा कापला जाऊ नये म्हणून उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावली आणि आणखी दहा-बारा हिरव्या डगल्यांच्या रांगेत बसवलं. माझ्या मुलीच्या वयाची एक सिस्टर ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन आली. ताई शेजारीच उभी होती.

"अजिबात घाबरू नको," ताई म्हणाली. "घाबरलीस की वाढतं. आणि वाढलं की करत नाहीत."

इतका धीर मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

सिस्टर फुगा दाबू लागली. पट्टा आवळत गेला. दंडात नाडी ठणकू लागली, मग ती कानात गेली, मग थेट टाळूत. मी सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिची एक भुवई वर गेली. तिने पुन्हा फुगा दाबला. आता दोन्ही भुवया वर गेल्या. आणि बसस्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात तशा आवाजात तिने जाहीर केलं, "एकशे ब्याण्णव! खालचं एकशे चार!"

सगळे हिरवे डगले माझ्याकडे वळले. थेंबांमुळे कुणालाच नीट दिसत नव्हतं, पण वळले मात्र सगळे.

डॉक्टर येऊन शांतपणे म्हणाले, "आज नको. आधी हे आटोक्यात आणा." डगला उतरला, चिकटपट्टी निघाली.

खाली माझे यजमान एका हातगाडीपाशी दही-चटणीत भिजलेला गिलावडा खात उभे होते. त्यांची शेती बाळापूरजवळ, आणि भाषाही तिथलीच. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "एवढ्या लवकर झालं बी? लय हुशार डॉक्टर हाये गड्या!"

अकोल्याच्या फिजिशियनकडे गेले, तर तिथेही दंडाने तोच पराक्रम केला. त्यांनी गोळी लिहून दिली. पंधरा दिवस ती घेऊन आम्ही पुन्हा अमरावतीला गेलो. सिस्टरने लांबूनच ओळखलं. "आल्या का मॅडम? आज घाबराचं नाही हं!" ताईने माझा मोकळा हात धरला आणि आमच्या एका मामेबहिणीला बीपी वाढल्यामुळे काय झालं होतं, ते मला धीर यावा म्हणून सविस्तर सांगितलं. वरचं एकशे चौऱ्याऐंशी आलं. आम्ही परत आलो.

ही बातमी अकोल्यात आमच्या आधी पोचली. मग उपाय सुरू झाले. कुणी उपाशीपोटी लसूण सांगितला, कुणी दुधीचा रस, कुणी एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडायला सांगितला. एका बाईने तर "मनावरच घेऊ नका" असा उपाय सांगितला. तो कुठल्या दुकानात मिळतो, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. लसूण मात्र मी खाल्ला. त्याने रक्तदाब उतरला नाही, पण भेटायला येणारी माणसं कमी झाली, हा फायदाच म्हणायचा.

शेवटी यजमानांनी घरी मोजायचं यंत्र आणलं. बटण दाबलं की ते स्वतःच फुगतं आणि स्वतःच आकडा दाखवतं. ते भुवया उडवत नाही, म्हणून मला आधी बरं वाटलं. पहिल्या दिवशी मी तीनदा मोजलं. दुसऱ्या दिवशी सहादा. आठवड्याच्या शेवटी मी दिवसातून अकरा वेळा मोजत होते. एकशे अठ्ठावन्न आला की मन शांत करण्यासाठी लगेच पुन्हा मोजायची, मग एकशे पासष्ट यायचा, मग ती शांतता आणखी लांब जायची. मध्येच यंत्र बिघडलं नाही ना याची खात्री करायला मी यजमानांचा हात धरायची. ते ठेच्याशी भाकर खात असोत, भाव पडला म्हणून व्यापाऱ्याशी फोनवर भांडत असोत, त्यांचं आपलं एकशे अठरा आणि शहात्तर. पंचवीस वर्षांत या माणसाने एकदाही मला न चिडवता चहा घेतला नाही, आणि रक्तदाब मात्र एखाद्या साधूचा.

एक दिवस यंत्र जागेवरून नाहीसं झालं. घरभर शोधलं. तुरीच्या डाळीच्या कोठीत, डाळीखाली हात घातला तेव्हा सापडलं. मी ते पुसून देवघरात नेलं, दार लोटून घेतलं आणि पट्टा बांधला. यंत्र गुरगुरायला लागलं तोच दार उघडलं.

"काहून वं, देवाचं बीपी मोजून राहिली काय?"

आकडा आला, एकशे एकोणसत्तर. यजमान खाली बसले. पट्टा त्यांनीच सोडला.

"खरं सांग. तुले भेव कायचं वाटते? ऑपरेशनचं?"

"नाही."

"मंग? मराचं?"

"तेही नाही."

आणि मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली, जी मी ताईलाही कधी सांगितली नव्हती. आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे अकोल्याला होती. तिचं बीपी रोज सकाळी मीच मोजायची. डॉक्टरांनी मला शिकवलं होतं. ती विचारायची, "किती आलं गं?" कधी एकशे ऐंशी असायचं, कधी दोनशेच्याही वर. डॉक्टरांना मी खरा आकडा सांगायची. तिला सांगायची, "एकशे तीस. छान आहे." त्यासाठी एक चेहरा मी तयारच करून ठेवला होता, शाळेत तपासणीच्या दिवशी लागायचा तसाच. एका सकाळी तिने दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला आणि म्हणाली, "रोज एकशे तीसच कसं गं? एखाद्या दिवशी एकशे अठ्ठावीस तरी सांगत जा."

म्हणजे तिला सगळं कळत होतं. मी फसवत होते आणि ती फसू देत होती. ती गेल्यापासून कुणी माझ्या दंडाला पट्टा बांधला की मी आकड्याकडे बघतच नाही, त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघते. तो हसला तरी मला वाटतं, हा खोटं सांगणार. नाही हसला तर वाटतं, संपलं सगळं. एवढं होईपर्यंत दाबाने वर जायचं तेवढं गेलेलं असतं.

यजमानांनी पट्ट्याची नीट गुंडाळी केली. मग म्हणाले, "पण ते अमरावतीची पोरगी तं एकशे ब्याण्णव म्हणून बोंबलली. साऱ्या दवाखान्यानं आयकलं. तिनं काई लपवलं का तुह्यापासून?"

आईवरून रडत असताना मला हसू आलं, आणि याचा मला रागही आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही फिजिशियनकडे गेलो. घरचे आकडे, दवाखान्यातले आकडे, आईची गोष्ट, सगळं मी एका दमात सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि चोवीस तास अंगावर ठेवायचं एक यंत्र दिलं. दंडाला पट्टा, कमरेला डबी. दर अर्ध्या तासाने ते आपणहून फुगणार, आपणहून नोंद ठेवणार, आणि आकडा मला दिसणार नाही. नेमकं त्याच दिवशी यजमानांच्या चुलतभावाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. "नेहमीसारखा दिवस घालवा," असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून गेले.

पदराआड सगळं नीट झाकलं होतं. पण गुरुजींनी मुलीची ओटी भरायला सांगितलं आणि हॉल शांत झाला, तेव्हाच माझ्या पदरातून घर्रर्र असा आवाज निघाला. मुलाकडच्या एका काकूंनी माझ्या कमरेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सौम्यपणे म्हणाल्या, "जेवण झालं नाही वाटतं तुमचं?" मी मान हलवली. त्यानंतर ती माउली मला पंगतीत तीनदा बुंदी वाढायला आली. प्रत्येक घासाला मी मनात म्हणत होते, डॉक्टर, हा माझा नेहमीसारखा दिवस.

अहवाल बघून डॉक्टर म्हणाले, "दिवसभराची सरासरी एकशे अडतीस आहे. थोडं आहे तुम्हाला, गोळी चालू ठेवायची. पण ते एकशे नव्वदवालं फक्त मोजताना येतं. तुमच्यासारखे पुष्कळ असतात."

मी एकटीच विशेष नाही, हे ऐकून क्षणभर अपमान वाटला. मग फार बरं वाटलं.

एका नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं. "इथे पावणेपाचला एकदम वर गेलंय. काय करत होतात?"

मला आठवलं. तेव्हा ताईचा फोन आला होता.

घरचं मोजणं त्यांनी आठवड्यातून एका सकाळपुरतं ठेवलं. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पावलं जमिनीवर, हात टेबलावर, तोंड बंद. दोनदा मोजायचं आणि यंत्र कपाटात. डाळीच्या कोठीत ठेवलं तरी चालेल का, असं यजमानांनी गंभीरपणे विचारलं.

तिसऱ्यांदा अमरावतीला गेलो तेव्हा मी एक धाडस केलं. सिस्टर पट्टा घेऊन आली आणि तिने काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "सिस्टर, मला याची भीती वाटते." बत्तीस वर्षं ज्या तोंडाने मी दुसऱ्यांना चुका कबूल करायला लावल्या, त्याच तोंडातून ही कबुली बाहेर पडली. आकाश वगैरे काही कोसळलं नाही.

पोरगी तिथेच टेकली. "मॅडम, मले स्कूटीचं भेव वाटते," ती हळूच म्हणाली. "म्हणून तं मी रोज धामणगावहून रेल्वेनं येते. घरचे हसतात."

"मी नाही हसत. मला फक्त आधी पाच मिनिटं बसू दे. आकडा मोठ्याने सांगू नको, पण खरा सांग."

ताईने लगेच तोंड उघडलं. "अगं, भीती काय त्यात, आपली ती मामेबहीण..." सिस्टरने तिला अत्यंत नम्रपणे बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. माझ्या शाळेत मी अशा मुलीला वर्गप्रमुख केलं असतं.

पहिला आकडा एकशे शहात्तर आला. तिने तो कानात सांगितला. भुवया जागेवर होत्या. मी पावलं जमिनीवर टेकवून बसून राहिले. कसला जप केला नाही, नाकपुड्यांचे खेळ केले नाहीत. समोर भिंतीवर डोळ्यांचं मोठं चित्र होतं, त्यातल्या शिरा मोजत बसले. दुसरा एकशे बासष्ट. तिसरा एकशे चोपन्न. डॉक्टरांनी अकोल्याचा अहवाल वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला."

ऑपरेशनला वीस मिनिटंही लागली नाहीत. दुखलं नाही. आत एक दुसरं यंत्र दंडावर सारखं फुगत होतं, पण तिथे मला त्याची भीती वाटायला वेळच मिळाला नाही; डोळ्यावर इतका उजेड होता.

यजमानांनी या वेळी गिलावडा दोन प्लेट घेतला. एक माझ्यासाठी, असं ते म्हणाले, पण मी बाहेर येईपर्यंत तोही वाया जाईल म्हणून त्यांनीच खाल्ला.

आता डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. भीती गेली का, असं सगळे विचारतात. नाही गेली. परवा फिजिशियनकडे पहिला आकडा एकशे सत्तर आला, मी आणि डॉक्टरांनी तो शांतपणे बघितला आणि नियमाप्रमाणे तोंड बंद ठेवून दुसऱ्या आकड्याची वाट पाहिली. ताईचाही फोन आला होता. या वेळी मी तुझ्या अगदी जवळ बसते, म्हणाली. मी म्हटलं, नक्की ये ताई, पण तुझी जागा बाहेरच्या बाकावर. चार दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाहीये. आणि या रविवारी सकाळी घरी मोजलं, तर एकशे बत्तीस.