दाजींच्या ब्रेकखालची पट्टी

दसऱ्याच्या सकाळी फोन आला तेव्हा मी तोरणासाठी आंब्याची पानं ओवत होतो. दौलताबादच्या घाटातून एक रिक्षावाला बोलत होता. "भाई, ये चाचा सायकल पे से गिरे. मोबाइल में तुम्हारा नंबर सबसे ऊपर था..." सुधाकर दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दवाखान्यात पोचायच्या आत गेले. त्याला आता सहा आठवडे झाले. बीपी होतंच, चक्कर आली असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही मान डोलावली.

दाजी कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी जाड टायरची एक जुनी सायकल घेतली आणि नुसत्या ब्रेकच्या निवडीत चार महिने घालवले. साधा ब्रेक त्या टायरवरून रिमपर्यंत पोचेना. दुकानदारानं डिस्क सुचवली, तर म्हणाले, "त्याला फोर्क बदलावा लागंल. मग जुनी सायकल घेतली कशाला?" शेवटी कँटिलिव्हर ठरला. चाकाच्या दोन्ही अंगांना दोन छोटे हात, त्यांना जोडणारी आडवी तार, आणि हँडलवरच्या लिव्हरकडून आलेली तार तिला मधोमध वर ओढते. फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, खुंट्या वेल्डिंगनं डाग देऊन घेतल्या. मग गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत, जिथं त्यांचं घर माझ्यापासून चार दारं सोडून, एक अख्खा रविवार ते ब्रेकची रबरं जुळवत बसले. रबराच्या मागच्या टोकाखाली लग्नपत्रिकेचा तुकडा घालून बोल्ट आवळायचा. "पुढचं टोक आधी टेकलं पायजे, नायतर लई कोकलतं." मी म्हटलं, दाजी, ताईचे एवढे लाड कधी केले नाहीत. ते हसले नाहीत. त्यांनी आडव्या तारेखाली एक लोखंडी पट्टी बसवली. वरची तार तुटली तर आडवी तार टायरवर पडून पुढचं चाक जागीच अडकतं, म्हणून ही पट्टी तिला वरच्या वर झेलते. "दिसायला काय नाय, पन हिला काढायचं नाय," त्यांनी बजावलं होतं.

खंडेनवमीला मी ती काढली. पूजेसाठी सायकली धुवायचं काम माझ्याकडं होतं. पट्टी गंजलेली दिसली, म्हटलं घासून रंग देऊ. रंग वाळेपर्यंत दाजींनी पाने-पकडी पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं होतं. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे आमच्याकडं फार कडक. उद्या बसवू, असं मी मनाशी म्हटलं. दाजींना सांगायचं राहून गेलं... नाही, खरंच लिहितो. बोलणी खावी लागतील म्हणून सांगितलं नाही. सकाळी मी उठायच्या आत ते निघून गेले. घाटात सायकल मीच उचलली. वरची तार लिव्हरपाशी तुटली होती आणि आडवी तार टायरच्या नक्षीत रुतून बसली होती. सायकल माझ्या घरी आणून मी तिच्यावर चादर टाकली.

ताई मात्र दिवसदिवस एकच घोकत राहिली. "निघताना इचारलं, बीपीची गोळी घेतली का. व्हय म्हनले. मी पाकीट बघाया पाहिजे होतं रे." कधी दाजींवरच चिडायची. "जाता जाता माझ्याशी खोटं बोलले." मी समोर बसून तिच्या हातचा चहा प्यायचो आणि एक शब्द बोलत नव्हतो. इतका नालायकपणा माझ्या हातून कधी झाला नव्हता.

हा लेख लिहायच्या आधी तिला सांगणं भाग होतं. परवा दुपारी सांगितलं. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हंजी गोळी घेतली होती त्यांनी," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

मग डोळे पुसून माझ्या घरी आली. सायकलीवरची चादर तिनंच काढली. पुढचं चाक फिरत नव्हतं. मी हात लावायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला, हँडल धरून पुढचं चाक अधांतरी उचललं आणि तशीच सायकल ढकलत गल्लीतून आपल्या घराकडं चालत गेली. मी दारात उभा होतो. तिनं मागं वळून पाहिलं नाही.