आक्काच्या माशांसाठी केलेला हीटर

दसरा झाला की आमच्या पाथर्डीकडच्या गावात ट्रक यायचे आणि बघता बघता निम्मं गाव रिकामं व्हायचं. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. वडील दम्यानं अंथरुणाला खिळले तेव्हा आईचा कोयता अर्धा पडला आणि तो माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, पुरा केला. ती शाळेत चांगली होती म्हणतात. मला ते आठवत नाही, मी फार लहान होतो. मला आठवतं ते एवढंच, की ट्रकच्या हौद्यात पत्रे, भांडी आणि शेळीच्या मध्ये आक्का बसलेली असायची, आणि मी दाराशी, वडिलांच्या बाजेजवळ उभा असायचो. वडिलांना पाणी द्यायला घरात कुणीतरी लागायचं, आणि शाळा गावातच होती. म्हणून मी राहिलो आणि शिकलो. मायलेकींचा कोयता श्रीरामपूर, बेलापूरच्या उसाच्या फडात चालत राहिला आणि इकडे माझी एकेक इयत्ता सरत गेली.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो तेव्हा गावानं मारुतीच्या पारावर नारळ-फेटा देऊन सत्कार केला. मी भाषणात म्हणालो, ‘स्वतःच्या हिमतीवर शिकलो.’ बायकांच्या घोळक्यात आक्का बसली होती. तिनं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या... ते वाक्य मी पुढेही बऱ्याच ठिकाणी म्हटलं. ते कुणी खोडून काढलं नाही. तिनं तर नाहीच नाही.

तिचं लग्न झालं, सासरीही कोयताच होता. मूलबाळ झालं नाही. नवरा गेला, गुडघे गेले, तेव्हा मी तिला नगरला आमच्या घरी घेऊन आलो. ‘मी घेऊन आलो’ हे लिहायला बरं वाटतं. खरं तर माझ्या बायकोनं, मंदानं, ‘आक्कांना आणा’ असं वर्षभर टुमणं लावलं होतं. आक्का आली आणि पहिले काही महिने हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखी बसून राहिली. निवडायला दिलेले तांदूळ निवडून झाले की परत निवडायची. मग आमची लेक सई पुण्याला शिकायला गेली आणि तिची माशांची काचेची टाकी बैठकीत तशीच राहिली. टाकीत दोन एंजल मासे होते, चपटे, पतंगासारखे, अंगावर काळे पट्टे. ती टाकी बघता बघता आक्काची झाली. ती त्यांच्याशी बोलायची. ‘आज तोंड का फिरवलं गं? राती भांडलाव व्हय दोघं?’ मंदा मला स्वयंपाकघरातून खुणावून हसायची. मला बरं वाटायचं, की चला, आक्काचं मन रमलं. माझं काम झालं.

गेल्या दिवाळीनंतर थंडी पडली तशी मी टाकीतला हीटर सुरू केला. नगरची थंडी कोरडी असते, पहाटे टाकीचं पाणी हाताला झोंबतं आणि एंजलला पाणी कोमट लागतं. हीटर म्हणजे काचेची एक उभी कांडी, टाकीत बुडवून ठेवायची. एका सकाळी आक्कानं हाक मारली, ‘बापू, हिकडं ये लवकर! अंडी घातल्यात!’ एंजल उभ्या, गुळगुळीत वस्तूवर अंडी चिकटवतात. साबुदाण्याच्या बारीक कणीसारखी अंडी, रांगेनं, सुबक. त्यांनी नेमकी हीटरच्या कांडीवर घातली होती. कांडी तापली की अंडी पांढरी पडायची. दोन्ही मासे शेपट्यांनी वारा घालत राहायचे आणि अंडी त्यांच्यासमोर शिजायची. पुन्हा घातली, पुन्हा तिथंच. आक्का टाकीसमोर स्टूल घेऊन बसायची.

तिसऱ्या वेळी तिनं सरळ हीटरचं बटण बंद केलं आणि टाकीला वाकळ गुंडाळली. आमच्या घरची जुन्या लुगड्यांची जाड वाकळ, वरून सुतळीनं बांधलेली. मी कॉलेजातून आलो तर मंदा दारातच म्हणाली, ‘बघा, माशांना हुडहुडी भरलीय. आता काढा पाजायचा का विचारा.’ मी हसलो, पण पाण्यात हात घातला तर गारठा. मासे तळाशी कोपऱ्यात मुकाट उभे होते. ‘आक्का, अगं मेले असते ना दोघं!’

‘मग मी काय करू? ती काडी आत ठिवली की अंडी जळत्यात, भायेर काढली की आई-बाप गारठत्यात. तू कर की काय तरी. एवढं शिकला कशाला?’

ती चिडून बोलली नव्हती. पण ‘एवढं शिकला कशाला’ हे तिनं उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदा विचारलं होतं, आणि तेही दोन माशांसाठी. मला ते लागलं, आणि खरं सांगायचं तर सुखावलोही. आक्कानं माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं.

टाकीच्या खालच्या कपाटात फिल्टरचा डबा होता. एका नळीनं टाकीतलं पाणी खाली डब्यात यायचं, गाळून पंपानं दुसऱ्या नळीतून वर जायचं. मी ठरवलं, त्या वर जाणाऱ्या नळीतच हीटर बसवायचा. पाणी जाता जाता तापेल आणि टाकीत कांडी राहणारच नाही. दुकानातून पीव्हीसी पाइपचा जाड तुकडा आणला, तीन तोंडांचा एक टी, जाड पाइपाला बारीक नळी जोडणारे दोन रिड्युसर, नळीच्या क्लिपा. रविवारी दुपारी गच्चीवर आम्ही दोघं कामाला बसलो. आक्कानं पाइप धरला, मी शेगडीवर त्याचं तोंड तापवून फुगवलं, गावाकडे पाइपलाइन जोडताना करतात तसं. टीच्या तोंडातून कांडी आत घातली, भोवती रबरी वॉशर घट्ट आवळला. पाइप उभा ठेवायचा, पाणी खालून शिरायचं, वरून निघायचं, म्हणजे आत हवा अडकत नाही. हे मी तिला समजावून सांगत होतो आणि ती ‘व्हय, व्हय’ करत होती. ‘तुज्या कॉलेजात पोरं आसंच ऐकत्यात का रं? का झोपत्यात?’

‘झोपतात.’

‘मंग बरोबर हाय. मला बी आली हुती.’

आक्का इतकी हसलेली मी फार वर्षांनी पाहिली.

एक गोष्ट मी मुद्दाम केली होती आणि तिचा मला अभिमान वाटत होता. तापमान मोजणारा सेन्सर मी पाइपात न ठेवता टाकीत ठेवला. मासे जिथं राहतात तिथलं तापमान महत्त्वाचं, पाइपातलं नव्हे. टाकी गार झाली की हीटर सुरू, कोमट झाली की बंद. तर्काला धरून होतं सगळं. पाणी छान कोमट राहू लागलं. आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला कपाट उघडून दाखवायची, ‘आमच्या बापूनं केलंय.’

मग एका सुट्टीच्या सकाळी बैठकीतून धप्पकन आवाज आला. पाइप मऊ पडून वाकला होता, सांधा सुटला होता आणि टाकीतलं पाणी फरशीवर धावत होतं. मी आधी बोर्डाची बटणं बंद केली, मग नळी चिमटली. अर्धी टाकी रिकामी, मासे उरलेल्या पाण्यात आडवे. पंपाचं बटण मी यायच्या आधीच कुणीतरी बंद केलेलं होतं. पाइपात पाणी उभंच राहिलं, ते उकळत गेलं, आणि टाकीतला सेन्सर बिचारा ‘अजून गार, अजून गार’ सांगत बसला.

‘पंप कुणी बंद केला?’ मी ओरडलो.

‘मी. खायला घातलं की मी रोजच बंद करती.’ रोज ती घटकाभर बंद करायची. त्या दिवशी शेजारीण आली आणि ती बोलत बसली.

‘का पण? कुणी सांगितलं होतं तुला? कळत नाही तर हात कशाला लावायचा?’

तिनं हातातलं फडकं पिळलं आणि फरशी पुसता पुसता सांगितलं, जणू मी रागानं नाही, सहजच विचारलं होतं. ‘पानी पळत आसलं की त्यांचा घास बी पळतो रं. त्येच्यामागं धावत्यात बिचारी. फडात आमचं तसंच हुतं. भाकर हातात घ्यावी आन् गाडीचा भोंगा वाजावा. आर्धी फडक्यात बांधायची न् मोळ्या वाहायला उठायचं. आईनं आन् मी फडात कधी बसून सुखानं खाल्लं न्हाई बघ. म्हनलं, ह्यांनी तरी खावं निवांत...’

मी फडकं घेतलं आणि तिच्याशेजारी फरशी पुसू लागलो. इतकी वर्षं ती आणि आई फडात होत्या, आणि तिथं जेवायच्या कशा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ओरडल्याबद्दल ‘चुकलं’ म्हणायला हवं होतं. आमच्या घरात थोरल्या बहिणीला चुकलं म्हणायची रीत नाही, पायाही पडतात ते सणालाच. मी संक्रांतीवर टाकलं.

दोष पाइपाचा नव्हता, आक्काचाही नव्हता. पंप आणि हीटर दोन बटणांवर ठेवले होते मी. एका बटणावर घेतले असते तर पंप बंद होताच हीटरही बंद झाला असता. आणि पाइप गरम पाण्याचा, सीपीव्हीसीचा, हवा होता. दोन्ही मिळून अर्ध्या दिवसाचं काम. पण कॉलेजात सराव परीक्षा सुरू झाल्या. हीटरची कांडी मी परत टाकीत ठेवली आणि म्हणालो, ‘परीक्षा होऊ दे, मग करतो.’ एंजलनी परत कांडीवर अंडी घातली. आक्कानं मला बोलावलं नाही. मी बूट घालताना फक्त म्हणाली, ‘झाली का रं पोरांची परीक्षा?’ मी म्हणालो, ‘अजून नाही.’ ती म्हणाली, ‘होऊ दे, होऊ दे. पोरांचं आदी.’

संक्रांतीला मी तिच्या पाया पडलो. तिनं हातावर तिळगूळ ठेवला आणि पाठीवरून हात फिरवला. मी तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात मंदानं काहीतरी विचारलं आणि ते राहिलं.

त्यानंतर आठवडाभरात, प्रयोगशाळेत परीक्षा चालू असताना माझा फोन ड्रॉवरमध्ये वाजत राहिला. पोरं लंबकाची आंदोलनं मोजत होती म्हणून मी उचलला नाही. शिपाई धावत आला तेव्हा कळलं. आक्का जेवून टाकीसमोर बसली होती, मंदानं हाक मारली तर उत्तर नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसावा. ‘नसावा’ या शब्दावर मी अजून अडकलेला आहे.

भेटायला येणारे म्हणायचे, ‘भावानं बहिणीला शेवटपर्यंत सांभाळलं हो. असा भाऊ मिळत नाही.’ मी मान खाली घालून ऐकायचो, आणि त्यांना तो माझा विनय वाटायचा. पारावरच्या त्या भाषणासारखंच हेही कुणी खोडून काढलं नाही. म्हणून इथं लिहितो. मी माझ्या हिमतीवर शिकलो नाही. मी तिच्या अर्ध्या भाकरीवर शिकलो. आणि तिनं मागितलेली एकच गोष्ट तिला वेळेत दिली नाही.

तेरावा झाल्यावर मी सीपीव्हीसीचा पाइप आणला आणि एकट्यानं बसवला. पंप आणि हीटर एका बटणावर घेतले. माशांना खायला घातलं की मी ते बटण बंद करतो आणि त्यांचं होईपर्यंत स्टुलावर बसून राहतो. मंदा चहा आणून ठेवते, हाक मारत नाही. एंजलनी या वेळी फिल्टरकडे पाणी नेणाऱ्या, न तापणाऱ्या नळीवर अंडी घातली. पहिल्या खेपेची त्यांनी स्वतःच खाल्ली. दुसऱ्या खेपेची राखली. नळीवर आधी नुसत्या वळवळणाऱ्या शेपट्या दिसल्या, मग ती पिलं सुटून आईबापांभोवती फिरू लागली. मी सईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘बाबा, आत्याला...’

आक्काच्या टाकीत हीटर आता नाही. पाणी कोमट आहे. पिलं जगली आहेत.