काकाला मी ओवाळलं नाही

अगं, अशी जवळ ये. दारातच काय उभी राहतेस, आत्या परकी झाली का लगेच? भरल्या मांडवात म्हाताऱ्याची अब्रू घालवली, म्हणून फुगलीस. घालवली. जाणूनबुजून घालवली.

तुझे ते लाडके आजोबा, माझा काका. आई-वडील गेल्यावर तुझ्या बापाला मामानं नेलं आणि मी काकाच्या वाट्याला आले. भाकरी करपली, शेण काढायला उशीर झाला, त्याला काहीही पुरायचं. देव्हाऱ्यासमोर उभं करून बैलाच्या कासऱ्यानं फोडायचा. वर म्हणायचा, "पाया पड, देवच मारायला सांगतोय."

तेव्हापासून मी देवाला हात जोडले नाहीत. लग्न होऊन माधवनगरला आले, सूतगिरणीत राबले, पोरं वाढवली. पण आईचे देवांचे टाक पेटीतच फडक्यात बांधून ठेवले.

आणि परवा वडूजला त्याचं सहस्रचंद्रदर्शन. फेटा, शाल, फ्लेक्सवर हसरा फोटो. काकूनं ओवाळायचं ताट माझ्या हातात दिलं. मी घेतलंही होतं, कशाला तमाशा म्हणून. तेवढ्यात तू तुझ्या पोरीला म्हणालीस, "यंदा सुट्टीला इथंच राहायचं हां." तर काका म्हणतो, "ठेव की. लय वांड हाय, सुतासारखी सरळ करतो. हिलाबी मीच केली, इचार."

सगळे हसले. तूही.

मी ताट खाली ठेवलं आणि निवेदकाच्या हातातला माइक घेतला. कसं सरळ केलं ते सगळ्यांना सांगितलं. पदर सारून मानेखालचा व्रण दाखवला.

"गप बस गं," काका म्हणाला, "देवाधर्माचा दिस हाय."

"व्हय. तवाबी देव समोरच हुता."

फेट्याखाली त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं असेल म्हणतेस? लय बरं वाटलं.

घरी आले, पेटी उघडली, चिंच लावून टाक घासले आणि दिवा लावला. हात जोडून मागितलं, याला इतक्यात नेऊ नको. पारावर जाऊन बसला की रोज कुणीतरी याला त्या कासऱ्याचं विचारू दे. देवाला असलं मागू नये म्हणतात. मी मागते, रोज मागते, आणि पहिल्यांदाच वाटतं की तो ऐकतोय.

तू रागाव खुशाल. पण पोरगी त्या घरात राहणार नाही, मी जिवंत असेपर्यंत तरी नाही. तिला माझ्याकडं ठेव. सुट्टी लागायची वाट बघू नको, येत्या रविवारीच तिला घेऊन ये.