थोरल्या आजोबांचा फोटो

थोरल्या आजोबांच्या फोटोतल्या टोपीवरचा बिल्ला मी भिंग लावून पाहत होतो. माझ्या आजोबांचे हे मोठे भाऊ महायुद्धात परमुलखात पडले, एवढंच घरात ठाऊक आहे. कुठल्या पलटणीत होते, कुणी माती दिली, काही माहीत नाही. बिल्ला ओळखता आला तर पलटण कळेल, मग पुढचा माग लागेल, अशी माझी आशा.

शेजारी आत्या भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या बिल्ल्यात काय बघतोस? तो वेश स्टुडिओतला आहे."

"म्हणजे?"

"अरे, त्यांचा फोटो होताच कुठे! तार आली, आणि माझ्या आजीनं धोसरा लावला, मला माझ्या पोराचं तोंड बघायचंय. मग धाकट्याला, म्हणजे तुझ्या आजोबांनाच, नेऊन बसवलं. दोघं भाऊ एका साच्यातले."

भिंग बिल्ल्यावरून चेहऱ्यावर आलं. वर चंदनाचा हार, आत माझे विशीतले आजोबा. माणूस गेला तरी त्याचा चेहरा मागे उरतो, असं आपण धरून चालतो. या माणसाचा तोही उरला नव्हता. धाकट्या भावाकडून उसना घ्यावा लागला होता. आणि मी त्यात पलटण शोधत होतो!

"आजोबा काही बोलायचे नाहीत?"

"काय बोलणार? पितृपक्षात माझी आजी आधी त्या फोटोपुढे पान मांडायची, पोटभर रडायची. मग डोळे पुसून तुझ्या आजोबांना म्हणायची, बस, आता तू जेव."