आधी घरच्यांच्या कानावर

सातवीत शाळा सुटली, लातूरहून येऊन मी रत्नागिरीत कलेक्टर कचेरीच्या कॅन्टीनला लागलो. सरकारच्या वतीने पत्रकारांशी बोलणारे साहेब तिथेच चहा घ्यायचे. अपघात झाला की मेलेल्याचं नाव ते आधी घरच्यांच्या कानावर घालत, मगच कॅमेऱ्यापुढे बोलत.

माझ्यामागून इथे आलेला धाकटा भाऊ मच्छीमार बोटीवर खलाशी. वादळात बोट परतली नाही. दुसऱ्या दिवशी साहेब कॅमेरे ओलांडून सरळ माझ्याकडेच आले. मी हातातली किटली खाली ठेवली.

"जिवंत आहे रे! जयगड बंदरात उतरवलाय. आईला फोन लाव."

"काय ओ साहेब, आम्हाला कधी सांगणार?" पत्रकार ओरडले.

"थांबा ओ, याच्या आईला आधी कळू दे."

अजूनही साहेब कॅन्टीनच्या दारात दिसले की छातीत धडधडतं, आणि हात आपोआप जुळतात.